विवाहनोंदवहीतला एक रकाना

विवाहविधी आटोपला, आशीर्वचन झाले, शेवटचे गीत संपले, की पाळकाकडे जे काम उरते ते निव्वळ कारकुनाचे असते. वेदीमागच्या लहान खोलीत मेजावर नोंदवही उघडून ठेवलेली असते. वधू, वर, साक्षीदार आणि सर्वांत शेवटी पाळक अशा सह्या होतात. बाहेर मंडळी खोळंबलेली असते, छायाचित्रकार दारातून डोकावत असतो, आणि त्या घाईत नोंदवहीतले रकाने कोणी वाचीत नाही. मीही पुष्कळ वर्षे ते वाचले नव्हते. आदल्या रात्री दिव्याखाली बसून मी ते भरून ठेवीत असे एवढेच. नाव, वय, व्यवसाय, वडिलांचे नाव. आणि वयाच्या शेजारी एक अरुंद रकाना : 'स्थिती'. त्यात अविवाहित, विधुर किंवा विधवा यांपैकी एक शब्द लिहावयाचा. नाशिकला असताना या रकान्याने मला कधी अडविले नाही. अडविले ते झांबियातल्या एका खाणगावी, २०११ सालच्या ऑक्टोबर महिन्यात, आणि तेही अशा एका बाईच्या विवाहाच्या वेळी, जिला तोवर चार मुले आणि सहा नातवंडे झालेली होती.

मी तेथे कसा गेलो हे थोडक्यात सांगितले पाहिजे. आमचे घराणे नाशिकच्या शरणपूरचे. एकोणिसाव्या शतकात मिशनने वसविलेल्या या वस्तीत एके काळी गुलामांच्या जहाजांतून सोडविलेली आफ्रिकी मुलेही शिकत असत. त्यांच्यापैकी जेकब वेनराइट हा डेव्हिड लिव्हिंग्स्टनच्या अखेरच्या प्रवासात त्याच्या तांड्यात होता. १८७३ च्या मे महिन्यात आजच्या झांबियातल्या चितांबोच्या गावी लिव्हिंग्स्टन वारला, तेव्हा त्याचे हृदय एका झाडाखाली पुरण्यात आले. त्या प्रसंगी दफनविधीची प्रार्थना वाचली ती या नाशिकच्या विद्यार्थ्याने, आणि झाडावर लेख कोरला तोही त्यानेच. पुढे तो त्या देहाबरोबर लंडनपर्यंत गेला, आणि १८७४ च्या एप्रिलमध्ये वेस्टमिन्स्टर ॲबेमधल्या अंत्ययात्रेत शवपेटी वाहणाऱ्यांत होता. लहानपणी ही हकीकत आम्हांला रविवारच्या शाळेत सांगत, आणि आम्ही ती दूरच्या गोष्टीसारखी ऐकत असू. वयाच्या पंचेचाळिशीत, २००७ साली, मंडळ्यांमधल्या देवाणघेवाणीच्या योजनेखाली मला झांबियाला जाण्याविषयी विचारण्यात आले, तेव्हा होकार देताना माझ्या मनात ती गोष्ट होती. एका नाशिककराने तेथे मरणाचा विधी वाचला होता. आपण निदान विवाहाचे वाचू, असा एक बालिश विचारही मनात आला होता हे कबूल करतो.

तेथे पोचल्यावर ध्यानात आले की माझ्याकडे पाहून कोणालाही ना लिव्हिंग्स्टन आठवत होता ना नाशिक. त्या देशात भारतीय माणसाला 'म्वेन्ये' म्हणतात, आणि म्वेन्ये म्हणजे दुकानदार अशी सर्वांची पक्की समजूत असते. ती अकारण नाही, कारण तेथले बहुतेक भारतीय गुजराती व्यापारी कुटुंबांतले आहेत. बाजारात मला पहिल्या महिन्यात अनेकांनी विचारले, 'तुमचे दुकान कोणते?' मी पाळक आहे असे सांगितल्यावर ते हसत. बाहेरून आलेला पाळक त्यांना नवा नव्हता. बेम्बा मुलखात चिन्सालीजवळ लुब्वा येथे मिशन उभारणारे डेव्हिड कौंडा हेही परके, शेजारच्या न्यासालँडहून, म्हणजे आजच्या मलावीतून, आलेले होते. त्यांचाच मुलगा केनेथ कौंडा १९६४ साली स्वतंत्र झांबियाचा पहिला राष्ट्राध्यक्ष झाला. परकेपण त्यांना सोसत होते. न सोसणारी गोष्ट एकच, ती म्हणजे त्यांची भाषा न शिकणे. म्हणून पहिली दोन वर्षे मी बेम्बा भाषेच्या पायरीवर बसून काढली.

त्या भाषेने मला पुष्कळ वेळा घरी आणून सोडले. बेम्बा माणूस वडिलधाऱ्या व्यक्तीला अनेकवचनाने संबोधितो, जसे आपण 'तुम्ही' म्हणतो. मूल झालेल्या बाईला तिच्या नावाने हाक मारीत नाहीत. अमक्याची आई, असेच म्हणतात. आमच्या आईला शरणपुरात चाळीस वर्षे माझ्या नावाने, 'अमक्याची आई' म्हणूनच ओळखीत. त्यामुळे ज्या बाईंविषयी मी लिहितो आहे त्यांचे स्वतःचे नाव मला विवाहाचा अर्ज भरेपर्यंत ठाऊक नव्हते. मी त्यांना 'मायो', म्हणजे आई, म्हणत असे. त्या मला 'बाशिमापेपो' म्हणत. हा शब्द पुरोहिताचा आहे, आणि त्यातले बहुवचन माझ्या आदरासाठी.

मायोंचे यजमान १९७४ साली तांब्याच्या खाणीत लागले. शतकाच्या अखेरीस सरकारी खाणी विकल्या गेल्या आणि हजारो कामगार घरी बसले, त्यांत तेही होते. तेव्हापासून घर चालले ते मायोंच्या भाजीच्या टोपलीवर. परंतु गावात त्यांना मान होता तो वेगळ्या कारणासाठी. त्या बानाचिंबुसांपैकी होत्या. बेम्बा समाजात वधूला संसाराचे शिक्षण देणाऱ्या जाणत्या स्त्रियांना हे नाव आहे. पूर्वी मुलगी वयात आली की इचिसुंगू नावाचा विधी दीर्घकाळ चाले, आणि त्यात 'म्बुसा' म्हणजे मातीच्या आकृती आणि भिंतीवरची चित्रे दाखवून, गाणी म्हणून, तिला पत्नीपणाचे धडे देत. ऑड्री रिचर्ड्स या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी हा विधी १९३१ साली पाहिला आणि १९५६ साली त्यावर ग्रंथ लिहिला. म्बाला येथल्या मोटो मोटो संग्रहालयात एका कॅथलिक धर्मगुरूंनी जमविलेल्या अशा आकृती मी पाहिल्या आहेत. आता तो विधी आखूड झाला आहे, पण शिकविणाऱ्या स्त्रिया आहेत. आमच्या मंडळीत विवाहबद्ध झालेल्या कितीतरी मुली आदल्या आठवड्यात मायोंच्या घरी चटईवर बसून शिकून आलेल्या असत.

आणि हीच बाई प्रभुभोजनाच्या रविवारी मागच्या बाकावर बसून राही. भाकर आणि प्याला पुढे सरकत आला की ती मान खाली घाली, आणि तो तिला ओलांडून पुढे जाई. तिकडच्या अनेक मंडळ्यांत असा दंडक आहे की रूढीप्रमाणे झालेला विवाह देवळात आशीर्वादिला गेला नसेल तर त्या स्त्रीपुरुषांनी प्रभुभोजनात भाग घेऊ नये. देशाचा कायदा रूढीचा विवाह मानतो, शेजारी मानतात, मुले तर मानतातच. मंडळी मात्र थांबते. आणि रूढीही पुरती झालेली नसते, कारण विवाहाचे देणे, ज्याला तेथे म्पांगो म्हणतात, ते हप्त्याहप्त्याने द्यावयाचे असते आणि पुष्कळांचे ते आयुष्यभर संपत नाही. मायोंच्या यजमानांनी १९८० साली पहिला हप्ता दिला, दुसरा दिला. मग घरात आजारपण आले, मग खाण गेली. देणे राहिले ते राहिलेच. देणे फिटले असे सासरच्या वडीलधाऱ्यांनी लिहून दिल्याशिवाय मंडळी आशीर्वादाला तयार होत नसे. अशी एकतीस वर्षे गेली.

त्या वर्षी थोरल्या मुलीने पैसे जमविले आणि सर्व एकदाचे उरकावे असे ठरले. यजमान व मायो माझ्या ओसरीवर अर्ज भरावयास आले. पावसापूर्वीचा उकाडा होता. रस्त्यावर जॅकरांडाच्या जांभळ्या फुलांचा थर पडला होता. मी सवयीने एकेक रकाना वाचीत गेलो. नाव, वय, व्यवसाय. 'स्थिती' या शब्दावर आलो आणि सवयीनेच विचारले : अविवाहित, विधुर की विधवा? यजमान मोठ्याने हसले. मायो हसल्या नाहीत. त्यांनी पदरासारखे खांद्यावर घेतलेले चितेंगे नीट केले आणि म्हणाल्या,

'बाशिमापेपो, एकतीस वर्षे मी यांच्यासाठी उब्वाली शिजविला. यांची दोन मुले पुरली आणि चार वाढविली. तुमच्या वहीत मी या वर्षांत कोण होते?'

मक्याच्या पिठाचा तो घट्ट गोळा, उब्वाली, हे तिकडचे रोजचे अन्न. आपल्याकडची बाई 'एवढी वर्षे यांच्यासाठी भाकरी थापली' असे म्हणेल, तेच त्या म्हणत होत्या. मी लेखणी खाली ठेवली आणि हा रकाना नंतर भरू असे सांगितले. ते उत्तर नव्हते, हे त्यांना कळले आणि मलाही.

मंडळीच्या वडिलांच्या सभेत मी हा प्रश्न मांडला. एका वृद्ध वडिलांनी शांतपणे जे सांगितले ते अगदी निर्बुद्धपणाचे नव्हते. ते म्हणाले, 'विवाहित असे लिहिलेत, तर शनिवारी आपण काय करणार आहोत? आणि उद्या तरुण मुले म्हणतील, देवळाची गरजच काय?' मी गप्प बसलो, कारण तो युक्तिवाद माझ्या ओळखीचा होता. तो मी स्वतः एकदा वापरलेला होता, आणि तोही परक्या माणसाविरुद्ध नव्हे.

१९८९ साली माझ्या धाकट्या बहिणीने पुण्यात नोंदणीपद्धतीने विवाह केला. तिचे यजमान ख्रिस्ती नव्हते. मला दीक्षा मिळून जेमतेम एक वर्ष झाले होते. विवाहानंतर आठ दिवसांनी ती दोघे संध्याकाळी शरणपूरच्या घरी आली. आईने चहा ठेवला. बहीण म्हणाली, 'दादा, बाकी काही नको. आमच्या डोक्यावर हात ठेवून नुसती प्रार्थना कर.' मी सांगितले की जो विवाह मंडळीपुढे झालेला नाही त्याला आशीर्वाद देण्याचा मला अधिकार नाही. आज तुम्हांला दिला तर उद्या दुसऱ्यांना काय सांगू? कोणी मला असे बोलावयास लावले नव्हते. नियमाचा आधार घेतला तो मी, आणि त्यात मला आपण खंबीर आहोत असे वाटून थोडे समाधानही झाले. बहिणीने चहा घेतला, कपबशी विसळून ठेवली, आणि ती दोघे शेवटच्या गाडीने परत गेली. पुढे येणेजाणे राहिले, दिवाळीचा फराळ आणि नाताळचा केक यांची अदलाबदल राहिली. तिने माझ्याकडे प्रार्थना मात्र पुन्हा कधी मागितली नाही. तिचा मुलगा रुग्णालयात होता, तेव्हाही नाही.

मराठी वाचकाला या ठिकाणी लक्ष्मीबाई टिळकांची आठवण होईल. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी घेतला तो पाच वर्षांनी. १८६६ सालचा एक कायदा होता. जोडीदाराने धर्मांतरामुळे सहवास नाकारला तर बाप्तिस्मा घेतलेल्या माणसाला विवाहबंधनातून मुक्त होण्याची वाट त्याने मोकळी केली होती. त्या दोघांनी ती वाट धरली नाही. 'स्मृतिचित्रे' मी विद्यार्थिदशेत वाचले ते विनोदासाठी आणि त्या निर्मळ भाषेसाठी. झांबियात ते मी पुन्हा मनात चाळू लागलो, तेव्हा त्या मधल्या वर्षांकडेच लक्ष जाई. त्या वर्षांत कोणत्याही धर्माच्या वहीला त्यांच्या संसारासाठी नीटसा शब्द नव्हता, आणि संसार तर होता.

शेवटी सभेची कोंडी फोडली ती मी नव्हे. बेम्बा समाज मातृवंशीय. मुलीच्या विवाहात शब्द चालतो तो मामाचा. मायोंचे मामा वारले होते. पण तिकडे उकुप्यानिका नावाची चाल आहे : मृताच्या जागी घराण्यातल्या एकाला बसवितात, आणि तो त्याचे नाव, त्याचे नाते, त्याचा मान, सर्व धारण करतो. मायोंच्या मामांच्या जागी बसलेला मुलगा बावीस वर्षांचा होता, आणि साठीला टेकलेल्या मायो त्याला मामा म्हणत. शिबुकोम्बे म्हणजे मध्यस्थ. तो यजमानांच्या बाजूने दोन लहान ताटल्या घेऊन आला. एकीवर दुसरी पालथी, आत नोटा आणि पांढरे मणी. आम्ही भिंतीशी बसलो होतो. तरुण मामांनी वरची ताटली उचलली, एक नोट काढून घेतली, आणि बाकीच्या नोटा मध्यस्थाकडे परत सरकविल्या. मग मंडळीच्या वडिलांकडे वळून ते म्हणाले, 'येणे होते ते पैशाचे होते. विवाहाचे येणे आमच्याकडे कधीच नव्हते. या बाईची मुले आम्ही पहिल्या दिवसापासून आमची म्हणून मोजली आहेत.'

देणे आणि विवाह या दोन गोष्टी आम्ही इतकी वर्षे एकाच गाठोड्यात बांधल्या होत्या. त्या मुलाने गाठ सोडली. सभेतल्या वृद्ध वडिलांनी बराच वेळ विचार केला, आणि शेवटी एवढेच म्हटले, 'मग वहीत काय लिहावयाचे ते पाळकांनी ठरवावे.'

शनिवारी सकाळी आवारातल्या झाडाला टांगलेला रुळाचा तुकडा वाजला. मुलींनी आईसाठी पांढरा झगा भाड्याने आणावयाचे ठरविले होते. मायोंनी तो घातला नाही. त्या स्त्रीमंडळाच्या नेहमीच्या चितेंग्यात आल्या. दारातून त्या आत शिरल्या तेव्हा बायकांनी जिभा हलवून इम्पुंडु केला. बंगालमध्ये उलुध्वनी ऐकलेल्या माणसाला तो स्वर अगदी परका वाटणार नाही. महाराष्ट्रात वाढलेल्या मला मात्र प्रत्येक वेळी अंगावर काटा येई. ज्या मुलींना त्यांनी शिकविले होते त्या सर्व पहिल्या बाकांवर बसून होत्या, आणि गुरूची परीक्षा पाहावी तशा कौतुकाने पाहत होत्या.

विवाहाची प्रश्नोत्तरे मी बेम्बात भाषांतर झालेल्या विधीतून घेतली होती. वधूने द्यावयाचे उत्तर एका शब्दाचे : 'नासुमिना'. या क्रियापदाची मला पहिल्यापासून ओढ होती, कारण त्याला दोन अर्थ आहेत. बोलणे ठरविताना 'मला कबूल आहे' असे म्हणावयाचे तर हाच शब्द, आणि देवावर विश्वास आहे असे उपासनेत म्हणावयाचे तरी हाच शब्द. या भाषेत श्रद्धा आणि संमती वेगळ्या काढता येत नाहीत, असे मी माझ्या टिपणवहीत मोठ्या विद्वत्तेने लिहून ठेवले होते. मी मायोंना प्रश्न विचारला. त्यांनी यजमानांकडे पाहिले, मग माझ्याकडे, आणि म्हणाल्या तो शब्द म्हणाल्या. पण त्याला दुसरा एक शब्द जोडला. तो होता 'काले'. त्याचा अर्थ पूर्वीच, केव्हाचेच. देवळात क्षणभर शांतता झाली, आणि मग पहिल्या बाकांवरून असा इम्पुंडु उठला की मला पुढचे वाक्य दोनदा वाचावे लागले.

त्याच क्षणी मला माझ्या भाषेतले क्रियापद सापडले. मराठीतही ते आहेच. आपण देव मानतो, कोणाचे म्हणणे मानतो, आभार मानतो, आणि एखाद्या माणसाला मानतो. हे सर्व एकाच धातूचे काम आहे, आणि ते पन्नास वर्षे माझ्या तोंडात असून मी त्याकडे पाहिले नव्हते. बहिणीने त्या संध्याकाळी माझ्याकडे विधी मागितला नव्हता, आणि अधिकारही नाही. आपला संसार भावाने मानावा, एवढेच तिचे मागणे होते. मी त्याचे उत्तर मंडळीच्या भाषेत दिले.

विधीनंतर मागच्या खोलीत वही उघडली. तो रकाना मी मोकळा ठेवला होता. दोघांच्या देखत मी यजमानांच्या नावापुढे बेम्बात 'पती' आणि मायोंच्या नावापुढे 'पत्नी' असे लिहिले. छापील पर्यायांत हे शब्द नव्हते. ती वही मंडळीची होती, सरकारची नव्हती. तरी पुढे कोणी तपासनीस आला तर त्याला हे चुकीचे वाटेल हे मला माहीत होते, म्हणून समासात मी माझी स्वतंत्र सही केली. मायोंनी तो शब्द बोटाने वाचला आणि मग आपले नाव सावकाश, एकेक अक्षर घोटून लिहिले. दुसऱ्या दिवशी प्रभुभोजन होते. भाकर मागच्या बाकावर पोचली तेव्हा त्यांनी दोन्ही हात पुढे केले. शेजारच्या बाईने ताट त्यांच्यापुढे थोडे अधिकच वेळ धरले, एवढेच मला पुढून दिसले.

त्या रात्री मी बहिणीला दूरध्वनी केला. मायोंची हकीकत सांगितली, आणि मग जे सांगावयाचे होते ते सांगितले. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, 'दादा, बावीस वर्षे झाली. आता आम्हांला कशाची उणीव नाही.' थोड्या वेळाने म्हणाली, 'नाशिकला आलास म्हणजे जेवायला येऊ.'

२०१२ साली मी परत आलो. ती दोघे शरणपूरच्या घरी आली. आई तेव्हा नव्हती. जेवणापूर्वी मी उभा राहिलो, आणि त्यांच्या संसाराबद्दल देवाचे आभार मानले. आशीर्वाद दिला असे म्हणण्याचे धाडस मला झाले नाही. दोघांची नावे घेतली, मुलाचे नाव घेतले. मेव्हण्यांनी मान लववली होती. प्रार्थना संपल्यावर बहीण 'आमेन' म्हणाली की नाही, ते मला ऐकू आले नाही. डोळे उघडले तेव्हा ती माझ्या ताटात वाढीत होती.